द्राक्षाच्या वाटेवर कुणाचं नाव?

कुणी गटाची बैठक आटपून बसल्या असाल, कुणी बागेतून येऊन नुकताच चहा टाकला असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय द्राक्षाचा. तुम्ही म्हणाल, आमचे बारा महिने बागेतच जातात, आता त्यात नवीन काय सांगणार? सांगते. जगात कितीतरी ठिकाणी लोक द्राक्षबागा बघायला सहलीला जातात. रस्त्याला पाट्या लावलेल्या असतात. एका बागेतून दुसऱ्या बागेत जायचं, घड बघायचे, वाइन कशी होते ते बघायचं, घोटभर चाखायची, तिथंच जेवायचं आणि मुक्काम करायचा. याला वाइनची वाट म्हणतात. लांब कशाला, आपल्या नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला हे रोज चालतं. सुला कंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. 2005 साली त्यांनी पाहुण्यांसाठी वाइन चाखायची जागा उघडली. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची तिथं रांग लागते.

मग आपल्याकडचं कुणीतरी विचारतंच, ‘सांगलीत एवढी द्राक्षं, तासगावचं नाव देशभर, मग आपल्याकडे अशी वाट का नाही? बायकांच्या गटांना त्यातून काम मिळेल की!’ प्रश्न चांगला आहे. पण उत्तर देण्याआधी द्राक्ष आपल्याकडे कसं आलं, कुणाच्या हातांनी वाढलं आणि त्याचं काय काय झालं, हे माहीत हवं. म्हणून आज आपणच या वाटेनं एक फेरी मारू.

सुरुवात जरा लांबून, दौलताबादपासून करू. सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी मोरोक्को देशाचा इब्न बतूता नावाचा प्रवासी हिंदुस्थानात फिरत होता. 1340 च्या सुमारास तो दौलताबादला आला. तिथल्या द्राक्षांबद्दल आणि डाळिंबांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय की इथं वर्षातून दोनदा फळ येतं. त्याला त्याचं नवल वाटलं, कारण थंड देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो आणि वर्षाला एकदाच फळतो. आपल्याकडे वेलाला झोप नाही. सोडला तर तो वाढतच राहतो. म्हणून तर आपल्याला दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलला खरड छाटणी करायची, तिच्यातून पुढच्या पिकाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी करायची, तिच्यातून घड येतात. थंडीचं काम इथं कात्री करते. फ्रान्समधल्या शेतकऱ्याला जे निसर्ग करून देतो, ते आपल्याकडे माणसांच्या हातांनी करावं लागतं. आपल्या बागेला इतकी मजुरी का लागते, याचं उत्तर इथं आहे.

पुढचा टप्पा इंग्रजांच्या काळातला. 1883-84 साली कलकत्त्याला मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात हिंदुस्थानात केलेल्या वाइनही मांडल्या होत्या, आणि त्या काळी ज्या ठिकाणी वाइनसाठी द्राक्षं लावली जात होती त्यात काश्मीरबरोबर आपल्या शेजारच्या बारामतीचंही नाव येतं. पण थोड्याच वर्षांत फायलोक्झेरा नावाच्या किडीनं घात केला. माव्यासारखी बारीक कीड, पण ती वेलाची मुळं खाते. या किडीनं आधी फ्रान्सच्या बागा उजाड केल्या होत्या. त्यावर उपाय सापडला तो असा: अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाच्या मुळाला ही कीड सहसा हरवू शकत नाही, म्हणून खाली अमेरिकन खुंट लावायचा आणि त्यावर आपल्या जातीचं कलम करायचं. आज आपल्या बागांत डॉगरिजचा खुंट असतो, तोही मूळचा अमेरिकेचाच. फक्त आपण तो किडीसाठी लावत नाही. पाणी कमी पडलं, जमीन-पाणी खारट झालं, तरी तो तग धरतो म्हणून लावतो.

तर वाइनचा धंदा तेव्हा बसला. आणि स्वातंत्र्यानंतर तो उठायचं कारणच उरलं नाही, कारण मुंबई राज्यात दारूबंदी आली. 1949 साली कायदा झाला. पुढे साठीच्या दशकात बंदी बरीच सैल झाली, पण तोवर आपल्या भागातल्या द्राक्षानं स्वतःची दिशा धरली होती. द्राक्ष खायचं आणि उरलं तर वाळवायचं. थोडक्यात, सांगलीच्या द्राक्षाचा इतिहास हा ताटातल्या फळाचा आणि बेदाण्याचा इतिहास आहे. बाटली त्यात फार उशिरा आली.

आता तासगावला येऊ. ऋषिपंचमीला गणपतीचा रथ ओढला जातो ते तासगाव. इथल्या द्राक्षाला वळण लागलं ते 1960 नंतर. त्याआधी अनाबेशाही नावाची बियांची जात होती, ती हैदराबादकडून आली. मग बिनबियांचं थॉमसन आलं. ते परक्या हवेतलं वाण. त्याला कधी काय छाटायचं, किती डोळे ठेवायचे, कुठलं खत कधी द्यायचं, हे सांगणारं पुस्तक आपल्याकडे नव्हतं. श्रीपाद दाभोलकरांनी तेव्हा ‘प्रयोग परिवार’ नावाची चळवळ उभी केली. प्रत्येक शेतकऱ्यानं स्वतःच्या बागेत प्रयोग करायचा, नोंद ठेवायची, आणि जे कळलं ते लपवून न ठेवता दुसऱ्याला सांगायचं. तासगाव परिसरातल्या द्राक्ष बागायतदारांनी हे मनावर घेतलं. पानाचं, काडीचं, मुळीचं शास्त्र साध्या शेतकऱ्यांनी शिकून घेतलं. त्याच काळात, 1960 साली, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघही सुरू झाला.

या मातीनं देशाला एक जात पण दिली. तासगाव तालुक्यातले वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या वेलांतून एक वेगळा वेल हेरला, तो वाढवला. तीच ‘तास-ए-गणेश’. नावातला ‘तास’ म्हणजे तासगाव. विद्यापीठाच्या बाहेर, शेतकऱ्याच्या नजरेनं निवडलेली ही जात पुढे महाराष्ट्रभर लागली.

आता इथं थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. हा सगळा इतिहास लिहिला गेला त्यात नावं आहेत ती पुरुषांची. त्यांचं काम मोठं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण बागेत वर्षभर कोण असतं? खरड छाटणीनंतर फुटव्यांची विरळणी कोण करतं? काडी तारेला कोण बांधतं? फळ छाटणीनंतर घड बोटभर झाला की जीएच्या पाण्यात घड बुडवायचं काम येतं, आपण डिपिंग म्हणतो ते. मणी दाट झाले की बारीक कात्रीनं घडाची विरळणी येते, मान वर करून दिवसभर हात उंचावून करायची. यात बोटं बायकांची असतात. कुठला मणी काढायचा, कुठला ठेवायचा, हे पुस्तकात बघून येत नाही. घड बघून क्षणात ठरवावं लागतं, आणि निर्यातीचा घड होणार की बाजारात मातीमोल जाणार हे त्यावर ठरतं. हे कसब आहे. पण हजेरीच्या वहीत ते ‘बाईमाणसाचं काम’ म्हणून लिहिलं जातं आणि त्याची मजुरी कमी लागते. 1976 साली समान कामाला समान वेतनाचा कायदा झाला. मग सोय अशी निघाली की कामच वेगळं म्हणायचं. छाटणीची कात्री चालवली तर कारागीर, विरळणीची कात्री चालवली तर मजूर.

तासगाव सोडून पूर्वेला निघालो की हवा बदलते. कवठेमहांकाळ, नागज, पुढे जत. हा दुष्काळी पट्टा. वर उत्तरेला साताऱ्याचे माण आणि खटाव, तीच गत. पाऊस कमी आणि वारा कोरडा. पूर्वी याच कोरड्या वाऱ्याला आपण शिव्या देत होतो. बेदाण्यानं त्या वाऱ्याला किंमत आणली. नागजच्या माळावर बेदाण्याची शेडं उभी राहिली ती एवढ्यासाठीच. दमट हवेत द्राक्ष सडतं, कोरड्या हवेत वाळतं.

बेदाणा कसा होतो ते तुमच्यापैकी अनेकजणींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो. तो असेल तर आतलं पाणी बाहेर पडत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, एकावर एक थरांत, सावलीत पसरतात. साधारण पंधरा दिवसांत वाळतं. मग रॅक हलवून बेदाणा खाली पाडायचा, काड्या काढायच्या, गंधकाची धुरी द्यायची, आणि शेवटी रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे निवडायचा. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो. निवडणीच्या टेबलाभोवती पुन्हा बायकाच असतात. 2016 साली ‘सांगली बेदाणा’ला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे सांगलीचा बेदाणा हे नाव आता कायद्यानं राखलेलं आहे, दुसऱ्या कुठल्या मुलखाचा माल त्या नावानं विकता येत नाही. मानांकन मिळालं ते इथल्या हवेला, मातीला आणि इथल्या कसबाला. त्या कसबात तुमचा वाटा आहे, हे विसरू नका.

आता आपली फेरी परत पश्चिमेला, कृष्णाकाठी वळवू. पलूसला जाऊ. वाइनची गोष्ट आपल्या भागात जिथं आली ते हे ठिकाण. पण पलूसला पोचण्याआधी आजूबाजूला बघा. जवळच किर्लोस्करवाडी. 1910 साली इथं माळावर कारखाना उभा राहिला आणि त्याच वाडीतून 1930 साली ‘स्त्री’ मासिक निघू लागलं. बायकांनी वाचावं, लिहावं, बोलावं म्हणून निघालेलं ते मासिक. दुसऱ्या बाजूला कुंडल. तेव्हा ते औंध संस्थानात होतं. 1943 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा, ज्याला आपण पत्री सरकार म्हणतो, हा बालेकिल्ला. सातारा आणि सांगली तेव्हा वेगळे नव्हते. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली नाव मिळालं. त्यामुळे पत्री सरकार हा दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक वारसा आहे.

पत्री सरकार म्हटलं की आपल्याला गाड्या अडवणं, खजिना लुटणं आठवतं. पण त्यांनी गावोगावी न्यायमंडळं चालवली, कमी खर्चात लग्नं लावली, सावकारीला चाप लावला, आणि दारूबंदीचं काम केलं. नाना पाटलांच्या लेक हौसाताई पाटील, कासेगावच्या इंदुताई पाटणकर अशा बायका या लढ्यात होत्या. स्वराज्य आपल्या घरापर्यंत आलं की नाही, हे बाईनं कशावरून ओळखायचं? संध्याकाळी नवरा शुद्धीवर घरी येतो की नाही, यावरून. कुंडलच्या मुलखात हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

त्याच मुलखात साठ वर्षांनी वाइन पार्क आला. 2001 साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. राज्यातल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. औद्योगिक विकास महामंडळानं दोन वाइन पार्क आखले, एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि दुसरा आपल्याकडे पलूसला. सांगितलं गेलं ते पटण्यासारखं होतं. द्राक्ष नाशवंत, भाव पडला की शेतकरी मरतो, वाइन झाली तर माल टिकेल, भाव बांधून मिळेल, पोरांना नोकऱ्या लागतील.

नाशिकला धंदा वाढला. पलूसला त्याचं तसं बाळसं धरलं नाही. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं कारण, वाइनचं द्राक्ष आपलं द्राक्ष नव्हे. कॅबरने, शिराझ, शेनिन ब्लाँक अशा त्या जाती. मणी बारीक, साल जाड, आत बी. ते बाजारात खायला विकत नाही आणि त्याचा बिनबियांचा बेदाणा होत नाही. म्हणजे ही बाग लावली की गिऱ्हाईक एकच, वाइनची कंपनी. थॉमसनवाल्याला व्यापारी नाही पटला तर शेडची वाट असते. वाइनच्या द्राक्षवाल्याला ती नसते. दुसरं कारण, 2008 च्या सुमारास जगात मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा उठाव थांबला. टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक नाही. राज्यात अनेक वायनरी अडचणीत आल्या, काही बंद पडल्या, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या. तिसरं कारण भूगोलाचं. मुंबईहून नाशिक जवळ, सुट्टीला जाऊन येता येतं. पलूस लांब.

आता जगाकडे बघू, कारण वाइनची वाट ही कल्पना तिकडची. ती तिकडे कशी जन्मली? जर्मनीत 1934 साली द्राक्षाचं पीक भरमसाट आलं आणि भाव कोसळला. त्यातच हिटलरच्या सरकारनं ज्यू व्यापाऱ्यांना वाइनच्या धंद्यातून हुसकावलं होतं, त्यामुळे माल उचलणारेच कमी झाले. मग 1935 साली सरकारनं गावागावांतून जाणारा सुमारे 85 किलोमीटरचा रस्ता ‘जर्मन वाइनची वाट’ म्हणून जाहीर केला. लोकांनी यावं, प्यावं, विकत न्यावं म्हणून. पडलेला भाव आणि तुंबलेला माल यातून ही वाट निघाली. आज त्या वाटेवर फुलांच्या कुंड्या आहेत, जत्रा भरतात. पण ती सुरू झाली तेव्हा तिचं काम माल खपवणं हेच होतं.

दुसरी गोष्ट फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली, आणि ती एका बाईची आहे. बार्ब-निकोल क्लिको तिचं नाव. 1805 साली ती विधवा झाली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, पदरात लहान मुलगी. नवऱ्याचा वाइनचा धंदा तिनं स्वतः चालवायला घेतला. तिच्या काळात बाटलीत गाळ राहून वाइन गढूळ दिसायची. तिनं आणि तिच्या कामगारांनी भोकं पाडलेल्या फळीत बाटल्या तिरक्या लावून, रोज थोड्या फिरवून, गाळ बुचाकडे आणायची रीत बसवली. ती रीत जगभर गेली. आजही त्या बाटलीवर फ्रेंचमध्ये ‘विधवा क्लिको’ असंच छापलेलं असतं. पण त्यातली मेख बघा. तेव्हाच्या फ्रेंच कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय धंदा करता येत नव्हता, विधवेला येत होता. म्हणजे त्या बाईचं नाव बाटलीवर यायला आधी नवरा मरावा लागला.

आपल्याकडे वेगळं आहे का? आपल्याही कितीतरी घरांत बाईचं नाव सातबाऱ्यावर कधी लागतं? नवरा गेल्यावर, वारस म्हणून. 1986 साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम घेतली. नवऱ्यानं जिवंतपणी, राजीखुशीनं, बायकोच्या नावावर जमीन करायची. सरकारनंही 1992 साली परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्याला लावायची सोय केली. सोय आहे, पण अर्ज करणारे नवरे थोडे. चांदवड द्राक्षाच्याच मुलखात आहे, हेही लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेची, आणि ती ऐकायला जड आहे. तिथं स्टेलनबॉश नावाचं गाव आहे. 1971 साली त्या देशातली पहिली वाइनची वाट तिथं सुरू झाली. डोंगर, पांढऱ्या भिंतींची जुनी घरं, हिरव्या बागा. जगभरचे लोक फोटो काढतात. पण त्याच बागांत दोन-तीनशे वर्षं ‘डॉप’ नावाची रीत होती. मजुरांच्या मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात द्यायचा. दिवसातून अनेक वेळा कपभर हलकी वाइन. मजूर त्याच्या आहारी जायचा आणि बागेला बांधलेला राहायचा. विसाव्या शतकात कायद्यानं ही रीत बंद झाली तरी कितीतरी ठिकाणी ती चालूच राहिली. बागेत राबणाऱ्या बायकाही पीत होत्या, गरोदरपणातही. पोटातल्या बाळाला दारू लागली की त्याची वाढ आणि बुद्धी कायमची खुंटते. त्या भागात अशा मुलांचं प्रमाण आजही जगात सगळ्यात जास्त असलेल्या ठिकाणांत मोजलं जातं. पाहुणा दोन घोट चाखून निघून जातो, मजुराच्या घरात मात्र ती दारू राहते.

म्हणून वाइन म्हणजे द्राक्षाचा रस, ही गोष्ट कुणी सांगितली तर नीट विचारा. रसातल्या साखरेचा खमिरानं अल्कोहोल होतो तेव्हाच ती वाइन. तिच्यात साधारण 12 ते 13 टक्के अल्कोहोल असतो. बिअरमध्ये याहून कमी, व्हिस्की-रममध्ये चाळीसच्या पुढे. म्हणजे ती व्हिस्कीपेक्षा सौम्य आहे, पण दारूच आहे. 2022 च्या जानेवारीत राज्य सरकारनं मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. शेतकऱ्याचं भलं होईल, असं तेव्हाही सांगितलं गेलं. गावोगावी विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. आपल्या हातात याहून जुनं हत्यार आहे, ते विसरू नका. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली की आडवी बाटली, हे बायका ठरवतात. मात्र हजर असलेल्यांत बहुमत मिळून भागत नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे मतदानाला घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या कामी येते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे द्राक्षाची वाट व्हावी का? माझं उत्तर असं. वाट आपल्याकडे आहेच. तासगावच्या बागेतून नागजच्या शेडपर्यंत, शेडपासून तासगाव-सांगलीच्या सौद्यापर्यंत. ती बेदाण्याची वाट आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. पाहुण्याला दाखवण्यासारखं तिच्यावर पुष्कळ आहे. दोन छाटण्यांची गोष्ट, तास-ए-गणेशची गोष्ट, दुष्काळी वाऱ्यावर वाळणारा हिरवा बेदाणा, शेजारी कुंडल आणि किर्लोस्करवाडी. त्यासाठी ग्लास भरायची गरज नाही. भाकरी, ठेचा, बेदाणा घातलेला शिरा आणि बागेतली एक फेरी पुरते. नाशिकची नक्कल केली तर आपण कायम दुसऱ्या नंबरावर राहू. बेदाण्यात आपण पहिले आहोत.

पण वाट कुठलीही असो, वाइनची की बेदाण्याची, इतिहास एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतो. बागेवर नाव कुणाचं, हे आधी ठरलं नाही तर वाटेवरची पाटी दुसऱ्याच्या नावाची लागते. तुम्ही पाहुण्याला शिरा वाढाल, तुमचा फोटो भिंतीवर लागेल, आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यात जमा होतील.

म्हणून कुणी तुमच्या गटाकडे असा प्रस्ताव घेऊन आलं, तर हुरळून जाऊ नका आणि झिडकारूही नका. चार गोष्टी विचारा. करार कुणाच्या नावानं आहे, गटाच्या की बागमालकाच्या? भाव पडला, पाहुणे आले नाहीत, तर तोटा कुणी सोसायचा? विरळणी आणि निवडणीला कसबाचं काम म्हणून दर आहे का? आणि या वाटेवर दारू असणार आहे का, असली तर गावातल्या बायकांना कुणी विचारलं का? ही चार उत्तरं कागदावर घ्या, तोंडी नको.

आणि येत्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, ते मोजा. विधवा झाल्यावर लागलेली नावं वेगळी मोजा आणि नवऱ्याच्या हयातीत लागलेली वेगळी. दोन आकडे वहीत लिहा. तुमच्या गावच्या द्राक्षाचा जो इतिहास कुणी लिहिला नाही, त्याचं पहिलं पान ते असेल. आकडे आम्हालाही कळवा, पुढच्या भाषणात त्यावर बोलू.

फळ छाटणी जवळ आलीय, औषधाच्या फवाऱ्यात काम करताना तोंडाला रुमाल आणि हातात मोजे घाला, आणि मोजे मागायला लाजू नका.